‘गाव वाचवू’ म्हणून ग्रामपंचायत लढवताना

मुळशी, हवेली, खेड, मावळ या पुण्याभोवतीच्या तालुक्यांत ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की ‘गावाचं गावपण टिकवू’ हे वाक्य कुठल्या ना कुठल्या पॅनेलच्या फलकावर असतंच. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पनवेल-उरणकडेही तेच. म्हणजे पसरत चाललेल्या शहरापासून गाव वाचवू. घोषणा देणारे बहुतेक जण मनापासून देतात. अडचण निकालानंतर सुरू होते. ज्या उंच इमारतीविरुद्ध मतं मागितली तिची परवानगी ग्रामपंचायतीने दिलेलीच नव्हती, आणि ती रद्द करणंही ग्रामपंचायतीच्या हातात नाही, हे पहिल्या दोन-तीन मासिक सभांतच कळतं. मग पाच वर्षं ‘वरून झालं’ असं सांगण्यात जातात आणि पुढच्या निवडणुकीत त्या घोषणेवर कुणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून ज्यांना खरोखर या मुद्द्यावर उभं राहायचं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच: पंचायतीच्या हातात जे आहे तेवढ्यावरच मत मागा. पाणी, गायरान (गावाची सामाईक चराऊ जमीन), रस्त्यांची नोंद, ओढे, कर आकारणीची वही आणि ग्रामसभेचा ठराव. यादी छोटी वाटते, पण ती नीट वापरली तर वाढीला शिस्त लावायला बरीच पुरते. आणि ती वापरायची तर निवडणुकीच्या किमान वर्षभर आधी कागद हातात हवेत.

अधिकार कुणाचा

कुठल्या जमिनीवर काय उभं राहील हे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली ठरतं. प्रादेशिक योजना किंवा विकास आराखडा शेती विभाग आणि रहिवास विभाग आखतो. इमारतीची उंची, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), रस्त्याची रुंदी हे डिसेंबर २०२० पासून बहुतेक राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार, म्हणजे ज्याला सगळे यूडीसीपीआर म्हणतात त्यानुसार चालतं. पुण्याभोवती परवानगी देतं पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, जे ३१ मार्च २०१५ ला स्थापन झालं. जिथे प्राधिकरण नाही तिथे जिल्हाधिकारी आणि नगररचना विभाग.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये बांधकाम परवानगीचा उल्लेख आहे, आणि २०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागाने ग्रामीण भागातल्या ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना नगररचनाकाराकडे जावं लागणार नाही अशी सवलत जाहीर केली. पण ती साध्या घरांसाठी. सात मजली इमारतीशी तिचा संबंध नाही, आणि प्राधिकरणाच्या हद्दीत ती गृहीत धरूच नये. शिवाय जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, आराखड्यात तिथे रहिवास चालत असेल तर, वेगळ्या अकृषिक परवानगीशिवाय रहिवासासाठी वापरता येते. त्यामुळे गावठाणाला लागून असलेली शेतं आधी जातात आणि ती कायद्यानेच जातात. ‘प्लॉटिंग बंद करू’ हे वचन त्या २०० मीटरांत टिकत नाही.

आराखड्यावर मात्र गावाला बोलता येतं, आणि तेही मुदतीत. प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात, नगररचना योजनेच्या मसुद्यावर एक महिना, प्रादेशिक योजनेवर किमान चार महिने. पीएमआरडीएचा प्रारूप आराखडा २०२१ साली आला, त्यावर हजारो हरकती गेल्या, प्रकरण न्यायालयात पोचलं आणि २०२५ साली सरकारने तो आराखडाच रद्द केला. गोव्यात तर २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा लोकांच्या विरोधामुळे २००७ मध्येच मागे घ्यावा लागला होता. लेखी हरकतीला वजन असतं. पण ‘आमच्या गावावर अन्याय झाला’ अशा एका ओळीच्या हरकतीला नसतं. गट नंबर, आराखड्यातलं आरक्षण किंवा रस्ता, प्रत्यक्ष जागेवर काय आहे (विहीर, ओढा, पाणंद, बागायत), आणि नेमका कोणता बदल हवा, एवढं प्रत्येक हरकतीत हवं. ही हरकत लिहिण्याचं काम पॅनेलने करून द्यावं. जाहीरनाम्यात लिहिण्यासारखं हे पहिलं ठोस वचन.

कागद आधी

राज्य शासनाच्या महाभूनकाशा संकेतस्थळावरून गावाचा गटवार नकाशा घ्या आणि त्यावर चार गोष्टी रंगवा: गायरान आणि इतर सरकारी जमीन, ओढे-नाले, पाणंद आणि गाडीवाटा, सार्वजनिक विहिरी आणि कूपनलिका. नंतर तलाठ्याकडून (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी असं झालंय) गाव नमुना १-ई ची प्रत मागा. ही अतिक्रमणांची नोंदवही. ती बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं अद्ययावत झालेली नसते, आणि तेच आपल्याला कळायला हवं असतं.

ग्रामपंचायतीच्या दप्तरातून नमुना ८ (कर आकारणी), नमुना २२ (स्थावर मालमत्ता), नमुना २३ (ताब्यातले रस्ते) आणि नमुना २४ (जमिनी). सहज मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. चारही नमुने नकाशाशेजारी ठेवून बघा. नकाशावर दिसणाऱ्या वाटांपैकी किती २३ नंबरला आहेत? माझ्या अनुभवात इथेच गावाचं सर्वात मोठं नुकसान दडलेलं असतं. बैलगाडीची बारा-पंधरा फुटी वाट कुठेच नोंदलेली नसते. शेजारचा गट विकला जातो, नवा मालक तारेचं कुंपण घालतो, आणि मागच्या आठ शेतकऱ्यांना तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा लावावा लागतो. वाट आधीच २३ नंबरला असती तर हा दावा बराच सोपा झाला असता.

पाणी: इथेच निवडणूक ठरते

गावपण हा शब्द मतदाराला भावतो, पण मत बदलतं ते पाण्यावर. त्यामुळे इथे आकडे पाठ हवेत.

जल जीवन मिशनची ग्रामीण योजना माणशी रोज ५५ लिटर धरून बांधली जाते. ३,००० लोकसंख्येच्या गावाला रोज १ लाख ६५ हजार लिटर. आता गावात ४०० सदनिकांचा एक प्रकल्प येतो असं धरा. सदनिकेमागे पाच माणसं म्हणजे २,००० लोक, आणि इमारतींसाठी माणशी १३५ लिटर हा नेहमीचा हिशेब. रोज २ लाख ७० हजार लिटर. म्हणजे एकच प्रकल्प अख्ख्या गावाच्या दीडपटीहून जास्त पाणी मागतो. १० हजार लिटरचा टँकर धरला तर रोज २७ टँकर. हे टँकर भरतात कुठे? आसपासच्याच विहिरींवर. आणि वापरलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे रोज २ लाख १६ हजार लिटर. सोसायटीचा शुद्धीकरण प्रकल्प वीजबिलापायी बंद पडला की ते थेट ओढ्यात, आणि ओढ्याकाठची विहीर गावाची असली तर दोन उन्हाळ्यांत तिचं पाणी पिण्यालायक राहत नाही.

यात पंचायत काय करू शकते?

पहिलं, पाण्याचं पत्र. प्रकल्पाला पाणी कुठून मिळणार हा प्रश्न परवानगीच्या वेळी येतो आणि मग बिल्डर ग्रामपंचायतीकडे ‘पाणीपुरवठा करण्यास हरकत नाही’ असं पत्र मागतो. सरपंच स्वतःच्या लेटरहेडवर ते देऊन टाकतो. हे कधीही होऊ देऊ नका. असं पत्र मासिक सभेच्या ठरावाशिवाय दिलं तर त्याला आधार नसतो, आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली सरपंचाला पदावरून काढण्याच्या कारवाईत तेच पुरावा ठरू शकतं. वचन असं द्या: योजनेची क्षमता, सध्याचा वापर आणि उन्हाळ्यातला विहिरीचा पाझर तपासल्याशिवाय पाण्याचं एकही पत्र जाणार नाही, आणि गेलेल्या प्रत्येक पत्राची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल.

दुसरं, मोजणी. सार्वजनिक विहिरीची पाणीपातळी वर्षातून दोनदा, मेअखेर आणि ऑक्टोबरमध्ये, एकाच खुणेपासून टेपने मोजून वहीत लिहायची. खर्च जवळपास शून्य. तीन वर्षांची नोंद असली की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेपुढे, प्राधिकरणापुढे किंवा न्यायालयात तुमच्या म्हणण्याला आकडा असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावर पीक ठरवलं, शेतीसाठी बोअरवेल घेणं थांबवलं. तिथे जमीन बाहेरच्यांना विकायची नाही हेही गावाने ठरवलं. हे उदाहरण प्रत्येक सभेत दिलं जातं म्हणून एक सांगतो: जमीन विकू नये असा निर्णय कायद्याने कुणावर लादता येत नाही. तिथे तो गावाच्या एकीने टिकला. हिवरे बाजारसारख्या दुष्काळी गावात जमिनीचा जो भाव होता तो आणि हिंजवडीशेजारचा भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथली पाण्याची पद्धत उचलावी. विक्रीबंदीचं वचन उचलू नये.

तिसरं, कायदा. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ हा १ जून २०१४ पासून लागू आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर त्यात निर्बंध आहेत. नकाशावर प्रत्येक सार्वजनिक विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढा आणि तोच नकाशा प्रचारपत्रकाच्या मागे छापा. त्या वर्तुळात कोणाचा बोअर चाललाय हे गावाला आपोआप दिसेल, पत्रकात कुणाचं नाव लिहायची गरज नाही.

चौथं, पर्यावरण मंजुरी. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकामाला ती लागते. मंजुरीपत्राची प्रत स्थानिक संस्थेला द्यावी अशी अट त्यात असते. ही प्रत ग्रामपंचायतीत येऊन आवक वहीत पडून राहते, कुणी वाचत नाही. सांडपाण्याच्या प्रकल्पाची क्षमता, किती पाणी पुन्हा वापरायचं, पावसाचं पाणी कुठे मुरवायचं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. ओढा दूषित झाला तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना याच अटींचा क्रमांक टाका. ‘घाण पाणी सोडतात’ एवढ्याच तक्रारीवर पाहणी होते आणि प्रकरण तिथेच संपतं.

गायरान, ओढे आणि गुंठे

गायरानाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग प्रकरणातला निकाल २८ जानेवारी २०११ चा. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढावीत असे निर्देश त्यात सर्व राज्यांना आहेत, आणि त्यानंतर १२ जुलै २०११ ला महाराष्ट्राचा शासन निर्णय आला. कायदा बाजूने आहे. तरी अडतं कुठे? मोजणीवर. गायरानाच्या हद्दीच्या खुणा जागेवर नसतात, त्यामुळे कुणाची भिंत आत आणि कुणाची बाहेर हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज, फी ग्रामनिधीतून, मोजणीनंतर सिमेंटचे खांब, आणि खांबांचे अक्षांश-रेखांश ठरावात. कुंपणापेक्षा हे स्वस्त आणि जास्त टिकाऊ.

इथे एक माणुसकीचा भागही आहे. अनेक गावांत गायरानावर तीस-चाळीस वर्षं भूमिहीनांची घरं आहेत. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा गेल्या तेव्हा सगळ्यात आधी भीती त्यांना वाटली, डोंगराच्या पायथ्याला गायरान पोटात घेणाऱ्या फार्महाऊसवाल्यांना नाही. प्रचारात ‘गायरान मोकळं करू’ एवढंच म्हणाल तर त्या वस्तीची मतं तर जातीलच, शिवाय तुम्ही गावातल्या सगळ्यात दुबळ्यांवर बोट ठेवलं असेल. राहती घरं आणि व्यापारी कब्जा यांची यादी वेगळी करा. राहत्या घरांचा विषय शासनाच्या नियमानुकूल करण्याच्या धोरणाकडे पाठवू, नवीन कब्जा मात्र एकही होऊ देणार नाही, असं स्पष्ट बोला.

ओढ्याचं महत्त्व लोकांना पटवायला लांब जावं लागत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. गावात ओढा हळूहळू मरतो: आधी मुरूम टाकून काठ भरतात, मग पाइप टाकून वर रस्ता, मग पाइपचा व्यास अपुरा म्हणून वरच्या अंगाच्या शेतात पाणी. पंचायतीने गावातल्या प्रत्येक ओढ्याची रुंदी चार-पाच ठिकाणी मोजून फोटोसह नोंदवावी आणि मोरी किंवा पाइप टाकण्याआधी पाटबंधारे किंवा बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा अभिप्राय मागावा. जैवविविधता अधिनियम, २००२ प्रमाणे प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. कागदावर ती बहुतेक ठिकाणी आहे. देवराई, जुनी झाडं, ओढ्याकाठची वनस्पती यांची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत झाली की तोडीच्या वेळी दाखवायला सरकारी कागद हातात येतो.

आता गुंठे. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एकर म्हणजे ४० गुंठे. मंजूर ले-आउट (प्लॉट पाडण्याचा मंजूर नकाशा) करायचा तर किमान ९ मीटरचे रस्ते, चार हजार चौरस मीटरवरच्या जागेत १० टक्के मोकळी जागा, हे सोडावं लागतं. बिनपरवाना प्लॉटिंग करणारा बारा फुटी रस्ता ठेवून सगळं विकतो. हातात उरणाऱ्या त्या जास्तीच्या गुंठ्यांतच त्याचा नफा. नंतर तिथे ड्रेनेज नाही, अग्निशमनाची गाडी वळत नाही, कचऱ्याची गाडी जात नाही, आणि खर्च ग्रामनिधीवर येतो. तुकडेबंदी कायद्यात २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा विकता येत नाही ते) बागायत १० गुंठे, जिरायत २० गुंठे असं ठरलं होतं. २०२५ मध्ये शहरी आणि प्राधिकरण क्षेत्रांसाठी सरकारने या कायद्याची पकड सैल केली. त्यामुळे खरेदीखतावर कायद्याचा जो अडसर होता तो पुण्याभोवती आता कमी झालाय, आणि पंचायतीच्या हातात उरते ती नमुना ८ ची नोंद.

ही नोंद करापुरती असते, मालकीची नसते. तरी दलाल तिची प्रत दाखवून ‘ग्रामपंचायतीची मंजुरी आहे’ म्हणून घर विकतो. उपाय साधा: बिनपरवाना बांधकामाच्या प्रत्येक उताऱ्यावर ठळक शिक्का, ‘केवळ कर आकारणीसाठी, बांधकाम परवानगी नाही’. आणि गावाच्या प्रत्येक प्रवेशरस्त्यावर फलक: मंजूर ले-आउटचे गट कोणते, घर किंवा प्लॉट घेण्याआधी मंजूर नकाशा ग्रामपंचायतीत येऊन पाहा. यामुळे दलाल चिडतील. घर घेणारं कुटुंब मात्र फसण्यापासून वाचेल, आणि तेच कुटुंब उद्या तुमचं मतदार असेल.

ठराव कसा लिहावा

ग्रामसभा वर्षातून किमान चार, सहसा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, म्हणून नको असलेले विषय तहकूब सभेत उरकले जातात. तहकूब सभेलाही माणसं आणा.

‘गावात बांधकामास बंदी’ असा ठराव अधिकाराबाहेरचा. तो वर पोचताच बाद होतो. त्याऐवजी एका ठरावात एकच विषय: गट नंबर, क्षेत्र, नकाशा जोडलेला, कोणत्या कायद्याखाली मागणी, कोणत्या कार्यालयाला पाठवायचा, सूचक आणि अनुमोदक. प्रोसिडिंग, म्हणजे सभेचा लेखी वृत्तांत, वाचून दाखवल्यावरच सही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) आठवड्याच्या आत जावक क्रमांक घ्या. जावक क्रमांक नसलेला ठराव कुठेही पोचत नाही.

मत कुणाचं

ज्या शेतकऱ्याला मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला दहा गुंठे विकायचे आहेत तो शत्रू नाही. ‘गाव वाचवा’ हे शब्द त्याला ‘तुझ्या जमिनीचा भाव पाडू’ असे ऐकू येतात. त्याच्याशी भावाबद्दल बोला: नोंद असलेला रुंद रस्ता, जिवंत ओढा आणि पाण्याची खात्री असलेल्या गावातल्या जमिनीला जास्त भाव येतो. एकट्याने दहा गुंठे विकण्यापेक्षा शेजारच्या चौघांनी मिळून ले-आउट केला तर काय हाती पडतं, याचा हिशेब त्याच्या ओट्यावर बसून करून दाखवा.

सोसायटीतली माणसंही मतदार आहेत. त्यांना ‘बाहेरचे’ म्हणणारं पॅनेल या मुद्द्यावर हरायलाच हवं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. टँकरचे पैसे सगळ्यात जास्त तेच भरतात, रस्त्याचे खड्डे त्यांनाही आहेत. मतदार यादी विधानसभेच्या यादीवरून प्रभागवार फोडली जाते. प्रारूप यादी लागली की सोसायटीतली कुटुंबं चुकीच्या प्रभागात गेली नाहीत ना, हे हरकतीच्या मुदतीतच तपासा. नंतर काही करता येत नाही.

कराबद्दलही मोकळेपणाने बोला. आकारणी आता भांडवली मूल्यावर होते आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी होते. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने कर वेळेत भरणाऱ्यांना दळण मोफत दिलं आणि वसुली उभी केली. कर वसूल न करणाऱ्या पंचायतीला बिल्डरच्या देणगीवर रस्ते करावे लागतात, आणि देणगीदाराला नाही म्हणता येत नाही.

आणखी एक प्रश्न सभेत येणारच: महापालिकेत जायचं का? पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं गेली, आणि त्यातली फुरसुंगी-उरुळी देवाची २०२४ मध्ये वेगळ्या नगरपरिषदेसाठी बाहेर काढली गेली. निर्णय राज्य सरकारचा असतो, पंचायत फक्त हरकत पाठवते. उत्तर देताना भावना नको, तयारी सांगा: समावेश झालाच तर दप्तर जसं आहे तसं महापालिकेकडे जातं. २३ नंबरला नसलेला रस्ता आणि हद्द न मोजलेलं गायरान तिकडे शोधत बसायला कुणाला वेळ नसतो.

अर्ज आणि खर्च

सरपंच २०२२ पासून पुन्हा थेट जनतेतून. पण सदस्यांत बहुमत नसेल तर मासिक सभेत एकही विषय पुढे जात नाही, म्हणून पॅनेल लागतंच. सदस्यसंख्या लोकसंख्येप्रमाणे ७ ते १७, निम्म्या जागा महिलांच्या. या मुद्द्यावर महिला उमेदवार नावापुरत्या उभ्या करणं हा फार मोठा तोटा आहे. पाणी कुठल्या वस्तीला किती वाजता येतं हे त्यांनाच सर्वात नीट माहीत असतं.

छाननीत अर्ज बाद होण्याची नेहमीची कारणं: ग्रामपंचायतीची थकबाकी, १२ सप्टेंबर २००१ नंतरचं तिसरं अपत्य, शौचालयाचा दाखला किंवा जातपडताळणी नसणं, पंचायतीच्या ठेक्यात भागीदारी, आणि सरकारी जागेवरचं अतिक्रमण. शेवटच्या कारणात कुटुंबीयांचं अतिक्रमणही धोक्याचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या जनाबाई प्रकरणात सांगितलंय. गायरानावर बोलणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने स्वतःचा गोठा, ओटा आणि कुंपण आधी मोजून घ्यावं. विरोधक ते मोजणारच.

खर्चमर्यादा २०१७ च्या आदेशात ७ आणि ९ सदस्यांच्या पंचायतीत सदस्यासाठी २५ हजार, सरपंचासाठी ५० हजार, आणि १५ ते १७ सदस्यांच्या पंचायतीत अनुक्रमे ५० हजार आणि १ लाख ७५ हजार अशी होती. अर्ज भरण्याआधी तहसील कार्यालयातून चालू आदेशाची प्रत घ्या. स्वतंत्र बँक खातं, रोजचा हिशेब, पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर निवडून आलेल्यालाही अपात्र ठरवता येतं. जमिनीचा पैसा आलेल्या गावात या मर्यादेत लढणं अवघड आहे हे खरं. उमराणे (नाशिक) आणि खोंडामळी (नंदुरबार) इथे सरपंचपदाचा लिलाव झाला तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये तिथली निवडणूकच रद्द केली. गावजेवणांच्या स्पर्धेत उतरू नका. मागे नकाशा छापलेलं एका पानाचं पत्रक घरोघर दोनदा न्या, दुसऱ्या वेळी लोकांनी सांगितलेल्या वाटा आणि विहिरी त्यावर चढवून.

निवडून आलात तर पहिल्या मासिक सभेत तीनच विषय घ्या: गायरानाच्या मोजणीचा अर्ज, नकाशावरच्या सर्व वाटांची २३ नंबरला नोंद घेण्याची कार्यवाही, आणि पाण्याचं पत्र ठरावाशिवाय न देण्याचा निर्णय. मोजणीची तारीख मिळायला महिने लागतात आणि पावसाळ्यात मोजणी सहसा अडते, त्यामुळे अर्ज जितका लवकर जाईल तितके खांब पहिल्याच उन्हाळ्यात उभे राहतील.